चुलीची जागा

मोठी होडी गेली ती तांडेलाच्या उजव्या खांद्यापायी. कुणी विचारलंच तर तो होडीवरच्या हाताखालच्या माणसांवर ढकलायचा. म्हणायचा, हल्ली माणसंच मिळत नाहीत, पाच जणांची होडी दोघांनी कशी चालवायची? ते काही अगदीच खोटं नव्हतं. या मोसमात दोघे बर्फाच्या कारखान्यात लागले होते, एक जण मुलीकडे राहायला निघून गेला होता. पण खरं कारण वेगळंच होतं. सुकाणू वळवताना खांद्यातून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि एकदा धक्क्याला लागताना सुकाणू हातातून सुटलंच. होडी धक्क्यावर आदळली. कुणाला लागलं नाही, दोन फळ्या फुटल्या. त्या संध्याकाळी शर्ट काढताना त्याची बाही अर्ध्यात अडकली, आणि बायकोनं न बोलता ती ओढून काढली. ती काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मुलगा शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत होता. तो आला, डॉक्टरकडे घेऊन गेला, आणि परत येताना म्हणाला, "बाबा, आता पुरे. तुम्ही दोघं माझ्याकडे या. खोली रिकामी आहे. जिनेसुद्धा चढायला नकोत, लिफ्ट आहे."

"लिफ्टनं कुठं जायचं?"

"खाली."

"खाली जाऊन काय करायचं?"

"फिरायचं जरा. आणि मग परत वर यायचं."

तांडेलानं मान हलवली. एवढं ऐकून तो काय समजायचं ते समजला होता.

शेवटी तडजोड निघाली. मोठी होडी विकायची आणि एकट्याला झेपेल अशी छोटी घ्यायची. वारं फिरेपर्यंतचा मोसम तिच्यावर काढून बघायचा. जमलं तर राहायचं, नाही जमलं तर तीही विकायची, घराला कुलूप लावायचं आणि तिसऱ्या मजल्यावर जायचं. मुलानं हे तीन वेळा वदवून घेतलं. बाप बोलून मग विसरतो हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

मोठी होडी घेतली डिझेलनं. हा तांडेलाकडेच वीस वर्षं इंजिन सांभाळायचा. अंघोळ केली तरी वास जात नाही म्हणून त्याला ते नाव पडलं, आणि आता त्याची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारायची. होडी ताब्यात घेताना त्यानं इंजिनचं हँडल घेतलं, दोर घेतले, नांगर घेतला, आणि मग टोपी काढून उभा राहिला.

"काका, एक विचारू?"

"ते सोडून विचार," तांडेल म्हणाला.

डिझेलनं टोपी पुन्हा घातली. त्याला विचारायचं होतं ते खुणांचं.

समुद्रावर काही वाटा आखलेल्या नसतात. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकीमागे एक आल्या की एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूला अशाच दोन वस्तू जुळल्या की दुसरी रेघ मिळते, आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात ती आपली जागा. धक्क्यापासून दोन-अडीच मैलांवर पाण्यातून खडकांची एक रांग वर आली होती, तिला सगळे दात म्हणायचे. दातांच्या पलीकडे, शाळेच्या पटांगणाएवढी, वाळूची एक पट्टी होती. बाकी सगळा तळ धारदार दगडांचा, जाळं टाकलं की चिंध्या हातात. पण त्या पट्टीवर जाळं टाकलं की ते रिकामं यायचं नाही. ही जागा तांडेलाच्या बापानं शोधली होती. तिच्या खुणा तांडेलानं सख्ख्या भावाला सांगितल्या नव्हत्या. तिथं जायचं असलं की तो सगळ्या माणसांना समुद्राकडे तोंड करून बसवायचा. जागा लक्षात ठेवणारी यंत्रं आली तेव्हा डिझेलनं एक आणलं होतं. ते यंत्र तांडेलानं होडीवर चढूच दिलं नाही.

होडी विकली, पण खुणा विकल्या नाहीत. त्या आपल्याजवळ आहेत तोवर आपण तांडेलच, असं त्याला वाटत होतं, आणि त्या जोरावरच त्यानं मुलाला शब्द दिला होता.

छोटी होडी मिळाली ती एका हौशी माणसाकडून. हलकी, दोन माणसांची, मागे दोरी ओढून सुरू करायचं एवढंसं इंजिन. कुणीही ढकलली तरी पाण्यात जाईल अशी. सगळं छान होतं, फक्त त्या हौशी माणसाच्या मुलांनी पुढच्या टोकावर एक पिवळंधमक बदक रंगवलं होतं. तांडेलानं ते घासून बघितलं. चोच तेवढी गेली.

धक्क्यावरच्या लोकांना एवढं पुरलं. पहिल्या दिवशी तो निघाला तेव्हा जाळी विणत बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "तांडेल, अंडी घेऊन या हो!"

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. चाळीस वर्षं भरतीची वाट बघून निघायची सवय, म्हणून आजही तो दोन तास पाणी चढायची वाट बघत बसला होता. शेवटी बायकोनं डबा हातात देत म्हटलं होतं, "अहो, हिला गुडघाभर पाणी पुरतं." तेही लोकांनी ऐकलं होतं.

दातांना वळसा घालून तो पलीकडे पोचला. डोंगरातली खाच आणि टोकावरचं एकटं झाड, ही पहिली खूण. ती लगेच जुळली. मग त्या रेघेवरून हळूहळू पुढे सरकत त्यानं दुसरी खूण बघायला मान वळवली. बर्फाच्या कारखान्याच्या छपराचा कोपरा, आणि त्याच्या बरोबर मागे पाण्याची टाकी.

ना छप्पर होतं, ना टाकी. समोर नुसते दात होते, काळे आणि ओले.

त्याला वाटलं आपण चुकलो. पुढे गेला, मागे आला. मग लक्षात आलं. मोठ्या होडीवर तो मागच्या उंच फळीवर उभा राहून सुकाणू धरायचा. तिथून दातांच्या डोक्यावरून सगळा किनारा ताटात वाढल्यासारखा दिसायचा. आता तो पाण्यापासून दोन हातांवर बसला होता. दातांच्या वर डोंगर दिसत होता, दातांच्या टोकांमधून उतारावरची वरची चार घरं दिसत होती. खालचा धक्का, कारखाना, टाकी, सगळं खडकांनी गिळलं होतं.

चाळीस वर्षं जी खूण उराशी धरून ठेवली ती उंच फळीबरोबर डिझेलला विकली गेली होती, आणि डिझेललाही ते माहीत नव्हतं.

त्यानं शिशाचा गोळा सोडून बघितला. गोळ्याच्या बुडाला साबण चोपडलेला असतो, तळाला टेकून वर आला की साबणाला काय चिकटलंय ते बघायचं. वाळू आली तर जाळं टाकायचं. गोळा वर आला तो ओरखडे घेऊन. पुन्हा सोडला, पुन्हा ओरखडे. प्रवाह होडीला एका जागी ठरू देत नव्हता. पंधराव्या वेळी दोन-चार कण वाळू आली, तेवढ्यावर त्यानं जाळं टाकलं. दुपारी ओढायला गेला तर ते दगडात अडकलं. उजवा हात वर जाईना, म्हणून दोर पायात अडकवून डाव्या हातानं ओढला. जाळं आलं ते अर्धं.

दोन दिवस दारात बसून तो जाळं सांधत होता. बायको समोर बसून जाळ्याचं टोक ताणून धरायची. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला आणि पुन्हा फाटकं जाळं घेऊन आला. तिनं काही विचारलं नाही. त्यानं विचारण्यासारखं तोंडच ठेवलं नव्हतं.

घरात तो भलत्याच गोष्टींवर चिडायला लागला. त्यातली एक जुनीच होती. लग्न होऊन आली तेव्हापासून बायकोनं चूल खिडकीखाली मांडली होती. उतारावरचं सगळ्यात वरचं घर, समुद्राचा वारा थेट त्या खिडकीतून आत यायचा. चूल विझायची, धूर घरभर व्हायचा. तांडेल सांगून सांगून थकला, पण ती म्हणायची, मला इथंच बरं पडतं. चुलीचा स्टोव्ह झाला, स्टोव्हची गॅसची शेगडी झाली, पण जागा तीच. वाऱ्याला आडोसा म्हणून तिनं डब्याचा पत्रा कापून एका बाजूला उभा केला होता, तो दिवसभर खडखडायचा.

"सगळं घर रिकामं पडलंय, आणि शेगडी वाऱ्यात!" तो ओरडला.

"बरं," ती म्हणाली, आणि काडी पेटवली. ती विझली. तिनं दुसरी पेटवली.

तिच्या हाताला चव होती, त्यात वाद नाही. पण अधूनमधून भात करपायचा. दोन महिन्यांतून एकदा, कधी चार महिन्यांतून. तांडेल त्यावरून चारचौघांत तिची चेष्टा करायचा. म्हणायचा, आमच्याकडे भात दोन प्रकारचा असतो, पांढरा आणि काळा. ती पदरानं तोंड पुसून आत निघून जायची.

पुढच्या आठवड्यात तो होडीत उभा राहिला.

बसून टाकी दिसत नाही, उभं राहिल्यावर तरी दिसेल, एवढाच विचार. मोठ्या होडीवर जन्म उभ्यानं गेला होता. पाय आपोआप फाकले, गुडघे सैल झाले, टाचा उचलल्या. दातांच्या वर कसलं तरी छप्पर दिसल्यासारखं झालं, आणि तेवढ्यात पायाखालून होडी निघून गेली. तो पाठीवर पाण्यात पडला. वर आला तेव्हा होडी पालथी होती आणि बदकानं पाण्यात डोकं खुपसलं होतं.

डाव्या हातानं तो होडीला धरून राहिला. तासभर तरी. पाणी थंड होतं, खांदा बधिर झाला होता, आणि त्याला भीती वाटली. या पाण्याची भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कुणी येऊ दे असं वाटत होतं आणि कुणी बघू नये असंही वाटत होतं. आली ती त्याचीच मोठी होडी. इंजिनच्या आवाजावरून त्यानं ती ओळखली.

डिझेलनं आणि दोघांनी त्याला बगलेत धरून वर घेतलं. उजवीकडची बगल धरली तेव्हा तो मोठ्यानं ओरडला. माणसांनी माना खाली घातल्या. ते हसले असते तर त्यानं शिव्या तरी दिल्या असत्या. कुणीतरी अंगावर गोणपाट टाकलं. मागच्या उंच फळीवरून दातांच्या पलीकडे छप्पर आणि टाकी लख्ख दिसत होती. त्यानं तिकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, डिझेल बघत असेल म्हणून.

डिझेल बघतच होता. बाकीचे छोटी होडी सरळ करायला गेले तेव्हा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. एकदा माझ्याबरोबर इथं उभे राहा, जागा दाखवा. मी तिथं तरंगता बोया टाकून देतो. तुम्ही रोज बोयावर या. मी पण येईन कधीतरी."

"तू पण, आणि मग सगळेच."

"सगळे कशाला? मी कुणाला सांगतोय?"

"बोया सांगेल ना."

डिझेलनं टोपी डोक्यावर नीट बसवली. पोरगं वाईट नव्हतं. वीस वर्षं समुद्राकडे तोंड करून बसलं होतं बिचारं.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. धक्क्यावरच्या कुणीतरी त्याला कळवलं होतं. रविवारी येतो, एवढंच तो म्हणाला. पण कसा म्हणाला ते तांडेलाला कळलं. फोन ठेवून तो बायकोला म्हणाला, "कपडे काढून ठेव. भांडी काय न्यायची ती बघ."

"जमत नाही का अगदीच?"

"टाकीच दिसत नाही!" तो ओरडला, आणि ओरडल्यावर त्याचा आवाज फुटला. "खाली बसलं की टाकी दिसत नाही. उभं राहवत नाही. आता काय करू, सांग."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती खूण त्याच्या तोंडून बाहेर पडली होती. पण आता ती लपवून तरी काय उपयोग होता? त्यानं सगळंच सांगून टाकलं, खाच, झाड, छप्पर, टाकी. ती शेगडीपाशी उभी राहून ऐकत होती.

"तुम्ही टाकीवरून जायचात होय?" ती म्हणाली.

"मग कशावरून जाणार?"

मग तिनं ज्योत बारीक केली. "उद्या मी येते."

"कुठं?"

"तुमच्याबरोबर. बदकात."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"बसायचं तर कळतं ना."

"अगं, पण येऊन करणार काय?"

"ते सांगता नाही येणार. दाखवीन."

भिजलेलं इंजिन डिझेलनं रात्रीच खोलून, सुकवून पुन्हा बसवून ठेवलं होतं. सकाळी धक्क्यावर सगळ्यांनी विणायचं थांबवलं. तिनं साडीचा काष्टा खोचला, चपला हातात घेतल्या आणि होडीत चढून बसली. बसली तीही उलटी. तांडेल मागे इंजिनपाशी, समुद्राकडे तोंड करून. ती पुढे, बदकाकडे पाठ आणि किनाऱ्याकडे तोंड करून. "तांडेल, आता दोन अंडी!" कुणीतरी म्हणालं. तिनं त्या माणसाकडे असं पाहिलं की त्यानं सुई उचलली.

दातांना वळसा पडला. लाट उंच होती, ती दोन्ही काठ घट्ट धरून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. पण तिची नजर किनाऱ्यावरून हलत नव्हती. खाच आणि झाड जुळलं तसं तांडेलानं इंजिन मंद केलं.

"हं. इथून पुढे आंधळं," तो म्हणाला.

"आपलं घर दिसतंय का तुम्हाला?"

त्यानं वळून पाहिलं. उतारावर सगळ्यात वरचं, पांढऱ्या भिंतीचं. "दिसतंय."

"त्यातली खिडकी?"

"काळा ठिपका दिसतोय."

"तो तुटका दात आहे ना, त्याच्या आणि शेजारच्याच्या मधे फट आहे बघा. त्या फटीत खिडकी आली पाहिजे. अजून नाही आली. जरा पुढे घ्या."

त्यानं पुढे घेतलं. पांढरी भिंत तुटक्या दाताच्या मागे गेली, आणि मग तिचा एक कोपरा फटीतून बाहेर आला.

"अजून. अजून थोडं. आता थांबा. जरासं मागे... बस!"

फटीच्या मधोमध खिडकी उभी होती.

तांडेलानं शिशाचा गोळा सोडला. दोर हातातून सरकत गेला, थांबला. त्यानं तो ओढून वर घेतला, गोळा उलटा केला आणि साबणावर अंगठा फिरवला. साबणाला वाळू चिकटली होती. बारीक, पिवळी, अंगठ्याखाली करकरणारी. त्यानं गोळा तिच्यापुढे धरला. तिनं बोट लावून बघितलं आणि बोट पदराला पुसलं.

दोघांनी जाळं सोडलं. डबा खाल्ला. दुपारी ओढायला घेतलं तेव्हा तो डाव्या हातानं ओढायचा आणि ती दोन्ही हातांनी. दोघांची ओढ एकदम पडत नव्हती, म्हणून तो "हं, हं" करत होता. तिच्या तळहातांची सालं निघाली. जाळं अखंड वर आलं, आणि त्यात मासळी होती. मोठ्या होडीच्या मानानं काहीच नव्हे. पण बदकाच्या पायाशी भरून राहिली, आणि होडी दोन बोटं खाली बसली. तांडेलाचे डोळे भरून आले. खारं पाणी गेलंय असं दाखवून त्यानं ते पुसले.

ती जाळ्यातले मासे सोडवत होती. तो खिडकीकडे बघत होता.

"तुला ही फट कशी माहीत?"

"चुलीपाशी उभं राहिलं की तेवढीच जागा दिसते. कोपऱ्यातून दातांमधली ती फट आणि तिच्यामागे तुमची होडी. पहिल्या वर्षी आठ दिवस मला फक्त शीड दिसायचं. मग बघत गेले तसं होडी पण दिसायला लागली."

"रोज बघायचीस?"

"रोज कुठं? धुकं असलं की नाही दिसायचं."

"आणि होडी त्या फटीत नसली तर?"

तिनं एका माशाचा कल्ला धाग्यातून अलगद सोडवला.

"नसली तर काय? करपायचा भात."

तांडेलाला एक दिवस आठवला. मुलगा तेव्हा रांगत होता. मासळीचा थवा दिसला म्हणून होडीवरचे सगळे न सांगता खाली दक्षिणेला लांब निघून गेले होते, आणि दिवस मावळता मावळता होडी काठोकाठ भरून गाणी म्हणत परत आले होते. सगळ्या माणसांना त्यानं घरी जेवायला आणलं होतं. भात करपला होता. त्यानं माणसांसमोर ताट सरकवलं आणि म्हणाला, एवढंसुद्धा जमत नाही हिला. ती भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे सुजले होते, ते त्याला दिसले होते. धुरानं सुजले असतील, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

त्यानंतर किती वेळा? दोन महिन्यांतून एकदा, कधी चार महिन्यांतून. चाळीस वर्षं. त्याला हिशेब करवेना.

"सांगितलं का नाहीस कधी?"

"तुमच्या खुणा तुम्ही कुणाला सांगितल्या?" ती म्हणाली, आणि पुढचा मासा सोडवायला घेतला.

रविवारी मुलगा आला. त्यानं टोपलीतली मासळी बघितली, सांधलेलं जाळं बघितलं, आईचे बांधलेले हात बघितले. ओरडायचं ठरवून आला होता, पण कुणावर ओरडावं ते त्याला कळेना. बापानं सांगितलं की रोज नाही जाणार, वारं बघून जाईन, आणि उभा राहणार नाही. मुलानं हेही तीन वेळा वदवून घेतलं. मग काहीतरी करायला हवं म्हणून घरात फिरून बघू लागला. आई स्वयंपाक करत होती. पत्रा खडखडत होता, ज्योत आडवी होत होती.

"आई, राहायचंच आहे तर निदान हे तरी नीट करू. आतल्या भिंतीला चांगला ओटा घालून देतो. शेगडी तिकडे घे. इथं वारा किती लागतो!"

ती तांदूळ धूत होती.

"शेगडी हलवायची नाही," दारातून तांडेल म्हणाला.

मुलगा वळला. "बाबा, तुम्हीच तर जन्मभर—"

"वारा लागतो ना," तांडेल म्हणाला. "लागू दे."